मामांच्या जीपचे ब्रेक

रनाळ्याला माझ्या धाकट्या मामांची जीप ठाऊक नाही असा माणूस विरळा. विलीज बनावटीच्या ज्या जीप महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जोडायला घेतल्या, त्याच कुळातली ही. आजोबांनी शेतीसाठी घेतलेली. एवढी जुनी गाडी अजून सुरू कशी होते, याचे कौतुक सगळे करीत. ती थांबते कशी, हे मात्र कोणी विचारले नव्हते. तो प्रश्न आम्हांला तोरणमाळच्या घाटात पडला.

महाशिवरात्रीची यात्रा करून आम्ही उतरत होतो. मागे आई, मामी आणि मामींच्या मांडीवर नातू. चार-पाच वळणे झाली आणि जळकट वास सुटला. मामांनी ब्रेकवर पाय दिला. पेडल खाली गेले, गाडी जुमानीना. मामांनी गिअर खाली ओढला, चाके डोंगराकडच्या चरात घातली आणि दगडांना घासत जीप एकदाची उभी राहिली. कोणी ओरडले नाही. खूप वेळाने मामी एवढेच म्हणाल्या, "अहो, ही गाडी आता विकून टाका."

असे का व्हावे? हिशेब सोपा आहे. माणसांसकट दीड टनाची गाडी ५०० मीटर उंची उतरली, तर तेवढ्या उष्णतेत वीसेक लिटर थंड पाणी उकळेल. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचा बंबच म्हणा ना! मूळ जीपचे ड्रम अवघे ९ इंची. ड्रम तापला की फुगतो आणि आतल्या शूपासून दूर सरतो. लायनिंगची पकड सुटते. ब्रेक ऑइल जुने होऊन त्याने ओल धरली असेल, तर तेही लवकर उकळते. मग पाय वाफ दाबतो, ब्रेक नव्हे.

मामा गाडी विकणारे नव्हेत. आठवड्याने त्यांनी भंगारातून एका ट्रकचे कढईएवढे ड्रम आणले. मिस्त्रींनी ते पाहिले आणि हसून म्हणाले, "नाना, गाडी पयाडनं सोपं शे, थांबाडनं अवघड शे."

मग त्यांनी एकेक अडचण सांगितली. एवढा ड्रम जीपच्या १६ इंची रिममध्ये मावणार नाही. जीपच्या चाकाला पाच बोल्ट. ट्रकची भोके जुळणार नाहीत. आणि खरी मेख पुढेच होती. ट्रकच्या चाकातले सिलिंडर मोठे. त्यांना लागेल तेवढे तेल जीपचा मास्टर सिलिंडर एका दाबात ढकलू शकणार नाही. ब्रेक मोठा, पण पाय जमिनीला टेकलेला! अमेरिकेतले हौशी तरुण जुन्या फोर्ड गाड्यांना दांडगी इंजिने बसवून 'हॉट रॉड' बनवीत, त्यांनाही जुन्या ट्रकचे ब्रेक लावताना हीच जुळणी करावी लागे. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ साली आणले. त्याआधीच्या गाडीत तर मास्टर सिलिंडरपासूनच सुरुवात.

डिस्क ब्रेक का नाहीत, असे तुम्ही विचाराल. मामांना गाडीची घडण जुनीच हवी होती. शेवटी जास्त वजनाच्या एका जुन्या जीपचे ११ इंची ड्रम मिळाले. शू, पाठीमागची प्लेट, सिलिंडर असा पुरा संच. मिस्त्रींनी ड्रम टांगून हातोडीने हलकेच वाजवले. तडा गेलेला ड्रम घंटेसारखा वाजत नाही. निळे डाग पाहिले, आतला व्यास मोजला. लेथवर घासून घासून मर्यादेपलीकडे पातळ झालेला ड्रम फुकट मिळाला तरी घेऊ नये. जुन्या लायनिंगची धूळ त्यांनी हवेने उडवली नाही, ओल्या फडक्याने पुसली. तीत ॲस्बेस्टॉस असू शकते. एका आसावर दोन्ही बाजूंना सारखेच शू बसवले, नाहीतर गाडी एकीकडे ओढते. मागची चाके आधी जखडली तर गाडी गिरकी घेते, म्हणून पुढच्या-मागच्या जोराचा मेळ बसवला. मग मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढली. मूळ बनावटीतला बदल म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बाबत आर. टी. ओ. कचेरीत आधीच विचारून घेतले होते.

शेतरस्त्यावर रिकामी गाडी, मग पोती भरून, असे बरेच दिवस फिरवल्यावर आम्ही पुन्हा तोरणमाळला गेलो. मामी आपण होऊन पुढे बसल्या. उतार लागण्यापूर्वीच मामांनी दुसरा गिअर टाकला.

"नवे ब्रेक आहेत ना?" मी विचारले.

"म्हणूनच त्यांना जपतो," मामा म्हणाले.

पायथ्याशी उतरून त्यांनी चारही चाकांजवळ तळहात धरला. ऊब सगळीकडे सारखी होती. मामींनी नातवाला खाली उतरवले, पदर सावरला आणि म्हणाल्या, "राहू द्या आता. विकू नका."