छद्म टर्मिनल

प्रत्यक्ष यंत्र नसताना संगणकाच्या परिचालन प्रणालीने निर्माण केलेले व टर्मिनलाप्रमाणे वागणारे साधन. युनिक्स व तत्सम प्रणालींत ते ‘पीटीवाय’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. पडद्यावरील खिडकीत चालणारे टर्मिनल आणि ‘एसएसएच’द्वारे दूरच्या संगणकावर केले जाणारे काम यांचा ते आधार होय.

गरज : एका आज्ञावलीने दुसरी चालवून तिच्याशी संवाद साधावयाचा झाल्यास नलिका (पाइप) हे सोपे साधन असते. तथापि अनेक आज्ञावल्या आपण टर्मिनलाशी जोडलेल्या आहोत की नाही हे तपासून आपले वर्तन बदलतात. सी भाषेच्या प्रमाणित ग्रंथालयामार्फत टर्मिनलाकडे जाणारा मजकूर सामान्यतः ओळ पूर्ण होताच पाठविला जातो. नलिकेकडे जाणारा मजकूर मात्र स्मृतीतील राखीव जागा भरेपर्यंत रोखला जातो. परिणामी दोन्ही आज्ञावल्या एकमेकींची वाट पाहत अडून बसू शकतात. छद्म टर्मिनलामुळे ही अडचण दूर होते.

रचना : छद्म टर्मिनलास मुख्य व दुय्यम अशा दोन बाजू असतात. नियंत्रक आज्ञावली मुख्य बाजू वापरते. दुय्यम बाजू चालविलेल्या आज्ञावलीस खऱ्या टर्मिनलासारखी भासते. दोहोंमध्ये प्रणालीच्या गाभ्यातील ओळ-नियामक असतो. टंकलेली अक्षरे परत दाखविणे, चुकीचे अक्षर खोडणे आणि मुख्य बाजूकडून आलेल्या ‘कंट्रोल-सी’चे व्यत्यय-संकेतात रूपांतर करणे ही त्याची कामे होत.

कार्यपद्धती : ‘पॉसिक्स-ओपनपीटी’ या फलनाने मुख्य बाजू उघडतात. ‘ग्रँटपीटी’ने दुय्यम बाजूची मालकी व प्रवेशाधिकार निश्चित होतात, ‘अनलॉकपीटी’ने तिचे कुलूप निघते व ‘पीटीएसनेम’ने तिचे नाव मिळते. नंतर ‘फोर्क’ने अपत्य-प्रक्रिया निर्माण करतात. अपत्याने प्रथम ‘सेटसिड’ने नवे सत्र सुरू करावे व मगच दुय्यम बाजू उघडावी, लिनक्समध्ये त्यायोगे ती त्या सत्राचे नियंत्रक टर्मिनल बनते. बीएसडी प्रणालींत त्यासाठी स्वतंत्र ‘आयओसीटीएल’ आज्ञा द्यावी लागते. ही पायरी चुकल्यास अक्षरे नीट ये-जा करतात, परंतु ‘कंट्रोल-सी’ने आज्ञावली थांबत नाही. शेवटी ‘डप२’ने दुय्यम बाजू प्रमाणित आदान, प्रदान व त्रुटी या तिन्ही प्रवाहांस जोडून इष्ट आज्ञावली चालवितात.

दक्षता : अपत्याने मुख्य बाजूची प्रत बंद करणे आवश्यक असते, अन्यथा नियंत्रक संपला तरी दुय्यम बाजूस संबंध तुटल्याचा संकेत मिळत नाही. मुख्य बाजूस पाठविलेला मजकूर प्रतिध्वनीच्या रूपाने परत येतो आणि ओळीच्या शेवटी एकाऐवजी दोन चिन्हे वाचावयास मिळतात, हे गृहीत धरावे. दुय्यम बाजू पूर्णपणे बंद झाल्यावर लिनक्समध्ये वाचनास आदान-प्रदान त्रुटी मिळते. तिला समाप्ती मानावे. खिडकीचा आकार बदलल्यास तो मुख्य बाजूद्वारे कळवावा.

विकास : १९८३ मधील ४.२ बीएसडी प्रणालीत ठराविक नावांच्या जोड्या असत व मोकळी जोडी एकेक करून शोधावी लागे. दुय्यम बाजूची मालकी बदलण्यास विशेषाधिकार लागत असल्याने सामान्य वापरकर्त्याच्या आज्ञावलीत ती इतरांस खुली राही. परिणामी टंकलेला परवलीचा शब्दही अन्य वापरकर्त्यास वाचता येण्याचा धोका असे. सिस्टिम ५ च्या चौथ्या आवृत्तीने एकाच साधनातून मोकळी जोडी देण्याची व प्रवेशाधिकार निश्चित करण्याची पद्धत रूढ केली. २००१ च्या पॉसिक्स मानकाने ‘पॉसिक्स-ओपनपीटी’चा समावेश करून तिला प्रणालीनिरपेक्ष रूप दिले.