ताम्हिणीचा कातळ आणि मॉरिशसचा किनारा

मुळशी धरणाच्या काठाने ताम्हिणी घाटाकडे निघालं की डोंगर कापून रस्ता काढलेल्या ठिकाणी काळ्या कातळाचे थर एकावर एक बसलेले दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे हे थर. हा लाव्हा भूगर्भातल्या ज्या भट्टीतून वर आला ती अजून विझलेली नाही, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचं भूखंड तिच्यावरून उत्तरेकडे सरकत गेलं. मग तिच्या माथ्यावर मालदीव आणि छागोस बेटांचा समुद्राखालचा पाया घडला. सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस पाण्याबाहेर आलं. आज तीच भट्टी शेजारच्या रियुनियन बेटावरच्या ज्वालामुखीत धगधगते आहे.

मुळशीच्या शेताच्या बांधाला लागतो तसलाच काळा दगड मॉरिशसच्या उसाच्या फडातही आहे. तिथे फडांच्या मधोमध या दगडांचे उंचच उंच ढीग रचलेले दिसतात. लागवडीसाठी जमीन मोकळी करताना मजुरांनी हातांनी वेचलेले हे दगड. त्या हातांत मराठी हातही होते. मधुचंद्राला किंवा सुट्टीला मॉरिशसला जाणाऱ्या मराठी कुटुंबाला सहल कंपनीच्या पत्रकात निळं पाणी, पांढरी वाळू आणि सात रंगांची माती दिसते. दगडांचे ते ढीग मात्र कोणी दाखवत नाही. या बेटाचा खरा इतिहास तिथूनच वाचायला लागतो.

माणसांविना बेट

हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला असलेल्या या बेटावर मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. अरब खलाशांना ते ठाऊक होतं, सोळाव्या शतकात पोर्तुगीज येऊन गेले. वस्तीला कोणी थांबलं नाही. १५९८ मध्ये डच आले आणि त्यांनी आपल्या राजपुत्राचं, मॉरिस याचं नाव बेटाला दिलं. १६३८ पासून त्यांनी वसाहत केली. एबनीची जंगलं तोडली, जावाहून ऊस आणला, हरणं आणली. जहाजांबरोबर उंदीर, डुकरं, माकडंही उतरली. उडता न येणारा डोडो पक्षी या धामधुमीत टिकला नाही. तो शेवटचा दिसल्याची सर्वमान्य नोंद १६६२ सालची आहे. पहिल्या वस्तीपासून पाव शतकातच एक जीव पृथ्वीवरून गेला. १७१० मध्ये डचही बेट सोडून गेले.

१७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला. १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या माहे द ला बूर्दोने यांनी पोर्ट लुईला खऱ्या अर्थाने बंदर केलं, गोदी आणि रस्ते बांधले. पुढे पिएर प्वाव्र यांनी पांप्लमूसच्या बागेत लवंग, जायफळ रुजवलं. त्या बागेतलं कमळ-कुमुदांचं तळं आज पर्यटकांच्या यादीत हमखास असतं. हे सारं वैभव आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांच्या कष्टांवर उभं राहिलं. पळून गेलेले गुलाम नैर्ऋत्य टोकाच्या ल मॉर्न डोंगराच्या कड्यांत दडून राहत. २००८ मध्ये युनेस्कोने हा डोंगर जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. आज त्याच्या पायथ्याशी बेटावरची अत्यंत महागडी हॉटेलं आहेत.

सोळा पायऱ्या

डिसेंबर १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. १ फेब्रुवारी १८३५ ला तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. भरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांच्या हाती काही पडलं नाही. उसाला तर माणसं हवीच होती. म्हणून इंग्रज सरकारने एक प्रयोग मांडला: गुलामांच्या जागी करारावरचे मजूर आणायचे. गुलामगिरी संपण्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलास' जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. त्यानंतर १९२० पर्यंत जवळपास पाच लाख माणसं या बंदरातून गेली. त्यांतली बरीचशी बेटावरच राहिली, काही पुढे इतर वसाहतींत पाठवली गेली.

बंदरावरच्या सोळा दगडी पायऱ्या चढून ही माणसं आत येत. तिथे त्यांची नोंद होई, क्रमांक पडे आणि मग मळ्यांवर रवानगी. पुरुषाला महिना पाच रुपये पगार ठरलेला. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचा, असा नियम. १८६७ च्या कायद्याने मजुराला परवान्याशिवाय फिरणंही अवघड केलं. पोलिसाने अडवलं आणि कागद सापडला नाही की थेट कोठडी. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याने मजुरांची बाजू घेऊन अर्ज तयार केला. त्यावर ९,४०१ मजुरांच्या सह्या आणि अंगठे होते. त्यामुळे शाही चौकशी आयोग नेमला गेला आणि मजुरांचे हाल सरकारी कागदावर आले. त्या पायऱ्यांच्या जागेला आज 'आप्रवासी घाट' म्हणतात. २००६ पासून तोही जागतिक वारसा आहे.

कोकणातून गेलेली माणसं

मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांत रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणपट्टीतले मराठी लोक होते. नापीक जमीन, सावकाराचं देणं आणि दुष्काळ पाठीशी घेऊन ते निघाले. नोंद करणाऱ्या कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलं. बापाचं नाव हेच पुढे घराण्याचं आडनाव झालं, म्हणून तिथे मराठी घरांची आडनावं रामजी, बाबाजी, सखाराम अशी आढळतात. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरखान्यात या मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. त्यांत नाव, वय, जात, जिल्हा, गाव आहे. १८६० च्या दशकापासूनचे अनेकांचे फोटोही आहेत. आपलं मूळ गाव शोधणारी नातवंडं-पतवंडं आज त्याच वह्यांपर्यंत पोहोचतात.

घरात क्रिओल बोलली जाऊ लागली, कामकाज इंग्रजी-फ्रेंचमध्ये झालं, तरी सणांनी मराठीपण सांभाळलं. बेटावरचा पहिला गणेशोत्सव १८९६ मध्ये आंरिएता गावात एका मराठी कुटुंबाने केला, असं सांगतात. आज गणेशचतुर्थीला सबंध देशाला सार्वजनिक सुट्टी असते. कास्कावेलसारख्या मराठी वस्तीच्या गावांतून मिरवणुका निघतात, मूर्तीचं विसर्जन समुद्रात किंवा नदीत होतं, आणि पायांत घुंगरू बांधून फेर धरला जातो. त्या नाचाला तिथे 'झाकरी' म्हणतात. आपल्या कोकणातली जाखडी ती हीच. प्राथमिक शाळांत मराठी शिकवली जाते. मराठी मंडळींचं महाराष्ट्र भवन आहे, आणि एप्रिल २०२३ मध्ये तिथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं.

साखरेकडून समुद्राकडे

१९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना महात्मा गांधी काही दिवस मॉरिशसला थांबले. मुलांना शिकवा आणि राजकारणात उतरा, हा त्यांचा तिथल्या भारतीयांना सल्ला होता. पुढे १९०७ मध्ये त्यांच्या सांगण्यावरून वकील मणिलाल डॉक्टर तिथे गेले आणि मजुरांचे खटले लढले. १२ मार्च १९६८ ला सर शिवसागर रामगुलाम यांच्या नेतृत्वाखाली देश स्वतंत्र झाला. १९३० साली दांडीयात्रा निघाली तीही १२ मार्चलाच.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा जवळजवळ सगळी निर्यात साखरेची होती. एक चक्रीवादळ आलं की वर्ष बुडायचं. पुढे नोबेल मिळवणारे अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ च्या अहवालात या बेटाच्या भवितव्याबद्दल फारशी आशा दाखवली नव्हती. मॉरिशसने तो अंदाज खोटा ठरवला. १९७० मध्ये निर्यातीसाठी कापड कारखान्यांना सवलती दिल्या आणि पर्यटन वाढवायला घेतलं. त्या वर्षी आलेले पर्यटक २७ हजारांच्या आसपास होते. २०१८ मध्ये ते सुमारे १४ लाख झाले. देशाची स्वतःची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात!

हे आपोआप झालं नाही. स्वस्त चार्टर विमानांना बंदी घालून सरकारने गर्दीपेक्षा जास्त खर्च करणाऱ्या पाहुण्यांवर भर दिला. बेटाभोवती असलेल्या प्रवाळाच्या कड्याने मोठ्या लाटा बाहेरच अडतात, आत शांत उथळ पाणी राहतं. हॉटेलं त्याच काठाने उभी राहिली. हॉटेलांनी रोजगार दिला, उसाच्या फडातून बाहेर पडलेल्या कुटुंबांतली मुलं व्यवस्थापक झाली.

किनारा कोणाचा?

फ्रेंच अमलात संरक्षणासाठी बेटाच्या काठाने सुमारे ८१ मीटर रुंदीची पट्टी सरकारी राखीव ठेवली होती. ती आजही सरकारची आहे. हॉटेलांना आणि बंगल्यांना ती भाडेपट्ट्याने मिळते. भरतीच्या रेषेखालची वाळू सर्वांची असली, तरी तिथपर्यंत पोहोचायची वाटच हॉटेलांमधून जात असेल तर स्थानिकांनी पोहायला कुठे जायचं? मॉरिशसमधले लोक हा प्रश्न रस्त्यावर उतरून विचारत आले आहेत.

किनाऱ्यावर खरा जीव कोणाचा आहे, ते २०२० मध्ये दिसलं. २५ जुलैला 'वाकाशिओ' हे जहाज आग्नेयेच्या प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे एक हजार टन तेल समुद्रात सांडलं. हजारो लोक माहेबूरच्या किनाऱ्यावर जमले. उसाचं पाचट कापडी पिशव्यांत भरून, तरंगण्यासाठी रिकाम्या बाटल्या बांधून त्यांनी तेल अडवणारे लांबच लांब पट्टे शिवले. आजोबा-पणजोबांनी ज्या उसात आयुष्य घालवलं, त्याच्याच पाचटाने नातवंडांनी समुद्र वाचवायला घेतला.

या बेटाच्या गोष्टीत एक जखमही आहे. स्वातंत्र्याआधी १९६५ मध्ये ब्रिटनने छागोस बेटं मॉरिशसपासून तोडली. दिएगो गार्सियावर अमेरिकी लष्करी तळ व्हावा म्हणून १९६८ ते १९७३ दरम्यान तिथल्या सगळ्या रहिवाशांना हलवलं. पुष्कळांना मॉरिशसच्या धक्क्यावर आणून सोडलं. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे विभाजन बेकायदा असल्याचं मत दिलं.

मुळशीकरांना हे परकं वाटायचं कारण नाही. टाटा कंपनीच्या वीजप्रकल्पासाठी इथल्या मावळ्यांच्या भातशेतीवर पाणी चढवायचं ठरलं, तेव्हा १९२१ च्या रामनवमीला मुळशीत सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आणि मावळातले शेतकरी, बायाबापड्या त्यात उतरल्या. धरण तरीही झालं. पन्नासच्या आसपास गावांना त्याची झळ बसली. आज त्याच जलाशयाच्या काठी रिसॉर्ट आहेत, पावसाळ्यात शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात.

पर्यटन वाईट असतं, असं मी म्हणत नाही. मॉरिशसला त्याने उभं केलं, मुळशीच्या कितीतरी घरांना त्यावर चूल पेटते. पण जिथे पाहुण्याला निसर्ग दाखवला जातो आणि माणसं वगळली जातात, तिथे स्थानिकांचा हक्कही सहज वगळला जातो. मॉरिशसने निदान आप्रवासी घाट आणि ल मॉर्न जपले, २ नोव्हेंबरला आणि १ फेब्रुवारीला राष्ट्रीय सुट्टी देऊन ती आठवण शाळेच्या पोरांपर्यंत नेली. मुळशीत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सत्याग्रहाची हकिगत कळेल, एवढं तरी आपणही करायला हवं. आणि मॉरिशसला जाणाऱ्या मराठी माणसाने समुद्रावरचा एक दिवस कमी करून पोर्ट लुईच्या त्या पायऱ्या पाहाव्यात, मोकाची दप्तरं विचारावीत, जमलं तर गणपतीतच जावं. तिथल्या मराठी घरांना पाहुणा नको आहे असं नाही. त्यांना आपली चौकशी करणारा गावाकडचा माणूस हवा आहे.