अपरिचित प्रोग्रॅमिंग भाषा आणि मालवेअरची ओळख

प्रस्तावना :
संगणकास हानी पोहोचविणारी आज्ञावली, म्हणजेच मालवेअर, ओळखण्याचे कार्य अँटिव्हायरस प्रणाली करते. एखादी फाइल काय करते यापेक्षा ती कशी दिसते, यावर या ओळखीचा मोठा भाग आजही अवलंबून आहे. हे दिसणे प्रोग्रॅमिंग भाषेनुसार कसे बदलते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
पूर्वी सापडलेल्या मालवेअरमधील विशिष्ट बाइटक्रम 'सिग्नेचर' म्हणून नोंदविला जातो व नव्या फाइलमध्ये त्याचा शोध घेतला जातो. तथापि हा बाइटक्रम कंपायलर घडवितो. तोच तर्क दुसऱ्या भाषेत लिहिल्यास यंत्रभाषेतील रूप पालटते आणि जुनी सिग्नेचर निरुपयोगी ठरते. 'बुअर' हे याचे ठळक उदाहरण होय. इतर मालवेअरला संगणकात वाट करून देणारी ही आज्ञावली मुळात सी भाषेतील. २०२१ मध्ये ती रस्ट भाषेत नव्याने लिहिलेली आढळली. काम तेच, वेश मात्र नवा.

विश्लेषकाची अडचण याहून मोठी आहे. गो भाषेत आवश्यक लायब्ररी अंतिम फाइलमध्येच समाविष्ट होतात. परिणामी लहानशी आज्ञावलीही मेगाबाइटच्या घरात जाते व हजारो फंक्शनांतून मूठभर घातक फंक्शने वेचावी लागतात. शिवाय सी भाषेत अक्षरमालेच्या शेवटी शून्य बाइट असतो. गो व रस्टमध्ये लांबी स्वतंत्र नोंदविली जात असल्याने अक्षरमाला कोठे संपते, हे जुन्या साधनांना उमगत नाही. २०१२ मध्ये तर 'डुकू'च्या एका भागाची भाषाच न ओळखल्याने कॅस्परस्कीच्या संशोधकांनी जाहीरपणे मदत मागितली होती. अखेर ती सी भाषाच निघाली, केवळ ऑब्जेक्ट-ओरिएंटेड वळणाने लिहिलेली!

भाषा कोणतीही असो, फाइली कुलूपबंद करण्यासाठी रॅन्समवेअरला ऑपरेटिंग सिस्टिमकडेच जावे लागते. म्हणून वर्तनावर आधारित तपासणी अधिक भरवशाची वाटते. मात्र ती आज्ञावली चालू झाल्यावरच उपयोगी पडते.

याची दुसरी बाजू फारशी चर्चिली जात नाही. निम भाषेत मालवेअर आढळू लागल्यावर त्या भाषेतील निरुपद्रवी आज्ञावल्यांवरही संशय घेतला जाऊ लागला. ही निम वापरणाऱ्यांची नित्याची तक्रार आहे. एखाद्या विद्यार्थ्याचा प्रामाणिक प्रकल्प अँटिव्हायरसने परस्पर हटविला, तर दोष आपल्या तर्कात की भाषेत, हे त्याने कसे ओळखावे? फाइल फेरतपासणीसाठी पाठविता येते. परंतु मिळालेली सूट बहुधा त्या फाइलपुरतीच असते. एक ओळ बदलून पुन्हा कंपाइल केले की तोच संशय नव्याने उभा राहतो.