पिवळा म्हणजे ‘पळा’ नव्हे, बॉस!

ऑफिस पुण्यात, घर सोलापूरला. त्यामुळे शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे माझ्यासाठी हायवे आणि वाटेत टेंभुर्णी. इथून पंढरपूर, अकलूज, कुर्डुवाडीकडे रस्ते फुटतात. सीझनमध्ये दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर. त्यांना काही करकचून ब्रेक मारता येत नाही. आणि आपण? पिवळा दिसला की अ‍ॅक्सिलरेटर दाबायची शहरी सवय इथेही सोबत आणतो.

पिवळ्याचा फंडा साधा आहे : थांबा. स्टॉपलाइनच्या इतके जवळ असाल, की सुरक्षित थांबणं शक्यच नाही, तरच पुढे जा. हिशेब करा ना. ताशी 50 किमी म्हणजे सेकंदाला जवळपास 14 मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद गेला, की 14 मीटर संपले. गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी वीसेक. स्पीड दुप्पट, तर ब्रेक लागल्यानंतरचं हे अंतर चौपट! म्हणून सिग्नल हिरवा असतानाच पाय हलका करा, आरशात मागचा ट्रक बघा.

लुकलुकणारा पिवळा वेगळा. तिथे वेग कमी करायचा, दोन्हीकडे बघायचं, मगच निघायचं.

1920 मध्ये डेट्रॉइटच्या विल्यम पॉट्स या पोलिसाने लाल-हिरव्याच्या जोडीला पिवळा आणला. चौक रिकामा व्हायला मिळणारे ते दोन-तीन सेकंद आपल्या घाईसाठी नाहीत. घरचं गरम जेवण पाच मिनिटं थांबतं की!