बाप्तिस्मा आणि बोटावरची शाई

निवडणूक आली की आमच्या मुलुंडच्या मंडळीत पाळकसाहेब सांगतात, विवेकाला स्मरून मत द्या. मीही मान डोलावतो. पण ख्रिस्ती झालेल्या महाराचा विवेक मतदानकेंद्राच्या आधीच अडवला गेला आहे, त्याचे काय?

1950 च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावा. हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारा अनुसूचित जातीचा नाही, असे तो म्हणत होता. त्यात 1956 साली शीख आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. मुलुंडची जागा खुली, म्हणून येथे हे जाणवत नाही. पण याच लोहमार्गावरच्या कुर्ल्याची विधानसभेची जागा राखीव आहे. तेथे ख्रिस्ती महार मत देतो, उभा मात्र राहू शकत नाही. उभे राहायचे तर स्वतःला हिंदू म्हणवायचे, आणि ख्रिस्ती राहून सवलतीसाठी तसे म्हणवणे ही संविधानाची फसवणूक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली सांगितले. मंडळीत सोयरीक जुळवताना मात्र जात विचारली जातेच!

बौद्ध मित्रांनो, हे तुम्हाला नवे नाही. 1962 साली नागपूरच्या राखीव जागेवर निवडून आलेले डी. पी. मेश्राम बौद्ध झाले होते, एवढ्याच कारणाने सर्वोच्च न्यायालयाने त्यांना त्या जागेसाठी अपात्र ठरवले.

गेल्या खेपेला माझ्यापुढे दोघे होते. एकाने चर्चच्या कुंपणाचे आश्वासन दिले. दुसरा चळवळीतला. त्याला तिसऱ्या परिच्छेदाबद्दल विचारले, तर म्हणाला, "तुम्ही आत आलात तर आमच्या वाट्याचे काय?" त्याची भीती खोटी नाही. अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करावा, ही रंगनाथ मिश्र आयोगाची 2007 ची शिफारस वाटा वाढवल्याशिवाय अमलात आली, तर भांडण आपल्यातच लागेल.

2013 पासून 'वरीलपैकी कोणी नाही' हे बटण आहे. मला ते हात धुणाऱ्या पिलातासारखे वाटले. मी दुसऱ्यालाच मत दिले. वस्तीत मारहाण झाली की तो पोलीस ठाण्यात आमच्याबरोबर बसतो, धर्म विचारत नाही. ॲट्रॉसिटीचा कायदा विचारतो.

घरी बायको म्हणाली, "आपल्याला दाराबाहेर ठेवणाऱ्याला मत दिलंत?" तिने कुणाला दिले, ते तिने अजून सांगितलेले नाही.