संकेतस्थळांच्या अवरोध-याद्यांची अचूकता आणि वापरकर्त्यांचा सहभाग

प्रस्तावना :

महाविद्यालयातील ग्रंथालय, संगणक कक्ष व कार्यालय इंटरनेटने जोडताना अश्लील मजकूर, जुगार व आर्थिक फसवणूक करणारी संकेतस्थळे दूर ठेवण्यासाठी फायरवॉल किंवा प्रॉक्सी सर्व्हरचा आधार घेतला जातो. कोणते संकेतस्थळ उघडू द्यावयाचे नाही, हे ही यंत्रणा एका यादीवरून ठरविते. ही यादी बहुधा महाविद्यालयात तयार झालेली नसते. ती उपकरणासोबत विकत मिळते किंवा मुक्त स्रोतातून घेतली जाते. नांदगाव पेठ येथील असो की वऱ्हाडातील अन्य गावातील, विद्यार्थ्याच्या पडद्यावर एखादे पान उघडत नाही तेव्हा तो निर्णय दूरवरच्या आणि बहुधा मराठी न वाचणाऱ्या यादीकर्त्याने घेतलेला असतो. तो चुकीचा असल्यास ती चूक सर्वप्रथम वाचणाऱ्यालाच जाणवते. म्हणूनच यादी अचूक ठेवण्याच्या कामात वापरकर्त्याला स्थान असणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात या सहभागाचे स्वरूप, त्याचे अनुभव व मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

याद्यांचे स्तर आणि चुकांची कारणे :

भारतात अवरोधाचे मुख्यतः दोन स्तर आढळतात. पहिला स्तर शासन व न्यायालय यांच्या आदेशांचा होय. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६९-अ आणि त्याखालील २००९ चे नियम हा त्याचा एक प्रमुख आधार असून या आदेशांची अंमलबजावणी इंटरनेट सेवा पुरवठादार करतात. दुसरा स्तर संस्थेच्या स्वतःच्या यादीचा होय. पहिल्या स्तरावरील आदेश बदलण्याचा अधिकार महाविद्यालयास नाही. दुसऱ्या स्तरावरील यादी मात्र सर्वस्वी त्याच्या हाती असते.

चुका दोन प्रकारच्या असतात : निर्दोष संकेतस्थळ यादीत येणे आणि अपायकारक संकेतस्थळ यादीतून सुटणे. एका डोमेनवर हजारो व्यक्तींची पाने असतात. त्यांतील एकासाठी संपूर्ण डोमेन अडविले जाते. डोमेनची मुदत संपल्यावर ते दुसऱ्याच्या हाती जाते, परंतु यादीतील नोंद तशीच राहते. शब्दांवरून वर्गीकरण करणारी संगणकीय पद्धत शब्दाचा संदर्भ नेहमीच ओळखते असे नाही.

महाराष्ट्रातील व देशातील अनुभव :

११ जुलै २००६ रोजी मुंबईतील लोकल गाड्यांमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर दूरसंचार विभागाने मोजकी संकेतस्थळे व पाने अडविण्याचा आदेश दिला. अनेक सेवा पुरवठादारांनी मात्र नेमकी पाने न अडविता ब्लॉगस्पॉटसारखी संपूर्ण सेवाच बंद केली. परिणामी आदेशाशी कोणताही संबंध नसलेले असंख्य ब्लॉग वाचकांना दिसेनासे झाले. कोणत्या पुरवठादाराकडे काय उघडते व काय उघडत नाही, याची माहिती ब्लॉगलेखकांनी एकत्र केली, काहींनी माहितीच्या अधिकारात अर्ज केले आणि आदेशापेक्षा अंमलबजावणी व्यापक झाल्याचे उघड झाले. पुढे विभागाने केवळ नमूद पानेच अडविण्याची सूचना दिली.

डिसेंबर २०१४ मध्ये महाराष्ट्र दहशतवादविरोधी पथकाच्या विनंतीवरून मुंबईतील न्यायालयाने दिलेल्या आदेशानुसार ३२ पत्ते अडविण्यात आले. त्यांत व्हिमिओ, गिटहबचा एक विभाग आणि इंटरनेट अर्काइव्ह हा अंकीय ग्रंथसंग्रह यांचा समावेश होता. वापरकर्त्यांनी ही बाब निदर्शनास आणल्यावर त्याची मोठी चर्चा झाली व काही संकेतस्थळे पुन्हा सुरू करण्यात आली.

२०१५ मध्ये ८५७ अश्लील संकेतस्थळांची यादी सेवा पुरवठादारांना देण्यात आली. यादी जाहीर होताच तीत विनोदपर संकेतस्थळेही असल्याचे वाचकांनी दाखवून दिले आणि काही दिवसांतच आदेश शिथिल झाला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हीच यादी पुन्हा तपासली असता ३० संकेतस्थळांवर अश्लील मजकूर नसल्याचे शासनास आढळले व ८२७ संकेतस्थळे अडविण्यात आली. यादी जाहीर नसती तर २०१५ मधील आक्षेप घेताच आला नसता, ही बाब येथे लक्षणीय आहे.

मुंबई उच्च न्यायालयाचा जुलै २०१६ मधील 'ढिशूम' चित्रपटासंबंधीचा आदेशही या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पुरेशा पडताळणीविना संकेतस्थळे सरसकट अडविण्यास न्या. गौतम पटेल यांनी नकार दिला, प्रतिज्ञापत्रासह तपासलेल्या दुव्यांपुरतीच परवानगी दिली आणि अडविलेल्या पानावर अवरोधाचे कारण व दाद मागण्याची माहिती दर्शविण्यास सांगितले. चूक कळविण्याचा मार्ग वाचकास दिसला पाहिजे, हे तत्त्व त्यातून अधोरेखित होते.

वापरकर्त्यांच्या सहभागाच्या पद्धती :

पहिली पद्धत सूचनेची आहे. फ्रान्समधील तुलूझ विद्यापीठाची वर्गवारीनिहाय यादी शैक्षणिक संस्थांमध्ये अनेक वर्षे वापरली जाते. ती विनामूल्य असून नवीन नोंदी व दुरुस्त्या बाहेरील व्यक्ती सुचवू शकतात. अंतिम निर्णय यादीकर्ता घेतो. दुसरी पद्धत मतदानाची आहे. २००६ मध्ये सुरू झालेल्या फिशटँक या उपक्रमात एका सदस्याने कळविलेला संशयित पत्ता इतर सदस्य तपासत आणि पुरेशी सहमती झाल्यावरच तो फसवा म्हणून नोंदला जाई. तिसरी पद्धत मोजणीची आहे. २०१२ पासून ऊनी या प्रकल्पात स्वयंसेवक स्वतःच्या जोडणीवरून संकेतस्थळांची चाचणी घेतात व निष्कर्ष सर्वांसाठी खुले केले जातात. चाचणीसाठी लागणाऱ्या देशनिहाय याद्या टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅबच्या पुढाकाराने खुल्या स्वरूपात ठेवल्या असून त्यांत भारताचीही यादी आहे.

मराठी मजकुराचा प्रश्न :

ज्या भाषेचे वाचक यादीच्या कामात नाहीत, त्या भाषेतील चुका टिकून राहतात. मराठी संकेतस्थळ अनेकदा 'अवर्गीकृत' गटात पडते आणि एखाद्या संस्थेने तो गटच बंद केला असल्यास ते विनाकारण अडते. याउलट मराठीतून फसवणूक करणारे पान इंग्रजी शब्द शोधणाऱ्या यंत्रणेतून सुटू शकते. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' (१९२७-१९५३) या मासिकावर त्याच्या काळी अश्लीलतेचे खटले झाले होते. आज त्याचा अभ्यास करणाऱ्या संशोधकापुढे केवळ शब्द मोजणारी यंत्रणा तोच आक्षेप नव्याने उभा करू शकते. लैंगिक शिक्षण, स्त्रीरोग किंवा लावणीचा अभ्यास आणि अश्लील मजकूर यांतील भेद मराठी वाचकच खात्रीने सांगू शकतो.

मर्यादा :

सहभाग म्हणजे अचूकता नव्हे. वैयक्तिक आकस, व्यावसायिक स्पर्धा किंवा वैचारिक विरोध यांपोटी संकेतस्थळाविरुद्ध संघटितपणे तक्रारी होऊ शकतात. त्यामुळे तक्रारींची संख्या हा पुरावा मानता येत नाही. प्रत्यक्ष पान पाहणे, दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळणी आणि निर्णयाची कारणासह नोंद आवश्यक असते. शासकीय स्तरावर २००९ च्या नियमांतील गोपनीयतेच्या तरतुदीमुळे आदेश सहसा जाहीर होत नाहीत; त्यामुळे वाचकाचा सहभाग तेथे प्रामुख्याने बाहेरून केलेल्या चाचणीपुरता उरतो.

महाविद्यालयीन स्तरावरील व्यवस्था :

महाविद्यालयास यासाठी मोठा खर्च करावा लागत नाही. अडविलेल्या पानावर वर्गवारी, कारण व संपर्काचा पत्ता मराठीतून द्यावा. ग्रंथपाल, संगणक विभागाचे प्राध्यापक आणि अन्य एका विषयाचे प्राध्यापक यांनी तक्रारी ठरावीक मुदतीत तपासाव्यात. तक्रारकर्त्याचे नाव उघड होऊ नये, अन्यथा आरोग्यविषयक पान अडल्याचे सांगण्यास विद्यार्थिनी धजावणार नाही. संपूर्ण डोमेनऐवजी शक्यतो नेमके पान अडवावे. दर सत्राच्या आरंभी स्थानिक नोंदींचे पुनरावलोकन करावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, केलेली दुरुस्ती मूळ यादीकर्त्याकडे पाठवावी. तसे न केल्यास पुढील अद्ययावतीकरणात तीच चूक परत येऊ शकते आणि शेजारच्या महाविद्यालयात ती कायमच राहते.

निष्कर्ष :

अवरोध-यादी ही एकदा तयार करून ठेवण्याची वस्तू नसून सतत दुरुस्त करावयाची नोंदवही आहे. २००६ ते २०१८ या काळातील उदाहरणांवरून असे दिसते की, यादी वा तिचा परिणाम वाचकांना तपासता आला तेथे चुका लवकर उघड झाल्या. मराठी मजकुराबाबत ही जबाबदारी मराठी वाचकांखेरीज इतरांना पेलणे कठीण आहे. विषयाचे ज्ञान, भाषेची जाण आणि विद्यार्थ्यांशी दैनंदिन संबंध या तिन्ही गोष्टी प्राध्यापकांकडे असल्याने या कामात त्यांनी पुढाकार घेणे उचित ठरेल.