समीकरण कुठे तोडायचं?

परिच्छेदाच्या ओळी पाडण्यात ‘टेक’चा हात धरणारं कुणी नाही. स्टॅनफर्डच्या डोनाल्ड क्नूथ यांना १९७७ साली स्वतःच्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं बघवेनात, म्हणून त्यांनी ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. ती ओळीमागून ओळ भरत सुटत नाही. अख्खा परिच्छेद नजरेखालून घालते आणि मगच ओळी ठरवते. पण मजकुरापासून वेगळं, मधोमध मांडलेलं लांबलचक समीकरण आलं की हीच प्रणाली हात वर करते. समीकरण समासाबाहेर गेलं तर तक्रार नोंदवते, तोडत मात्र नाही.

मजकुराच्या ओळीतलं सूत्र ती तोडते, तेही दंड लावून. बरोबरच्या चिन्हानंतर तोडलं तर ५००, अधिक-उण्यानंतर ७००. दंड १०,००० झाला की तोडायला बंदीच. मधोमध मांडलेल्या समीकरणात रिवाज उलटा: अधिकचं चिन्ह पुढच्या ओळीच्या आरंभी, म्हणजे ही ओळ वरच्याच पदावलीची आहे हे बघताक्षणी कळतं. रशियन छपाईत चिन्ह दोन्हीकडे छापतात. मला ती पद्धत उगाच भारदस्त वाटते, पण वाचताना चूक होत नाही हे खरं.

खरी कटकट पुढेच. ओळीच्या आरंभी अधिक लिहिलं की टेकला डावीकडे काहीच दिसत नाही. ती त्याला संख्येचं चिन्ह समजून पुढच्या अक्षराला चिकटवते. मग आधी रिकामा महिरपी कंस लिहून तिची समजूत घालायची. आपोआप वाढणाऱ्या कंसांची जोडी तर दोन ओळींत विभागताच येत नाही. पहिली ओळ अदृश्य कंसाने बंद करायची, दुसरी तशीच उघडायची. पहिल्या ओळीत उंच अपूर्णांक आणि दुसरीत नुसती अक्षरं असली, तर उघडणारा कंस थोराड आणि मिटणारा खुजा. त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या ओळीत अपूर्णांकाच्या उंचीची न दिसणारी प्रत ठेवायची.

अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीतल्या मायकेल डाउन्स यांनी ‘ब्रेक्यूएन’ ही टेकला जोडायची आज्ञावली लिहून हे काम यंत्रावर सोपवून पाहिलं. तरी कोणती पदं एकत्र राहिली तर युक्तिवाद समजेल, हे लेखकालाच ठाऊक असतं. क्नूथ यांनी हे काम त्याच्यावर सोडलं ते योग्यच केलं, असं माझं मत. आता तोच लेख दोन स्तंभांच्या नियतकालिकात जाणार असेल, तर हाताने तोडलेलं प्रत्येक समीकरण पुन्हा तोडायला बसा.